सातव्या ओळीतला आकडा

“तुमी एक हात खिशात काऊन घातला जी?” निखाड्यांनी विचारलं.

“डावा हात मोकळा असला की नकळत कुठेतरी टेकतो,” मी म्हणालो. “मग वीज एका हातातून शिरते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. वाटेत काळीज लागतं.”

“अन् मी काय करू?”

“ही काठी घेऊन उभे राहा. मला झटका बसला तर हात लावू नका. आधी भिंतीवरचा तो मोठा स्विच पाडा आणि मग काठीनं मला बाजूला लोटा.”

त्यांनी काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली. पन्नाशीचा, खांदे किंचित आत वळलेला माणूस. सदरा वरच्या गुंडीपर्यंत बंद. “घरी कुत्रं हाकलाले जमत नाई म्हणते बायको,” ते म्हणाले. “आज पाहाले पाहिजे होती.”

मी हसलो. त्या खोलीत अकरा दिवसांत कुणी हसलं नसावं. आवाज भिंतींना अनोळखी वाटला.

पिंपरडोहच्या त्या भूमिगत कोळसा खाणीत सातव्या सेक्शनमध्ये स्फोट झाला, त्याला अकरा दिवस झाले होते. नऊ माणसं गेली. खाणीतल्या सातही सेक्शनांत हवेमध्ये किती गॅस आहे हे दाखवणारा टर्मिनल जमिनीवरच्या या खोलीत होता: जाड काचेचा, पिवळसर अक्षरांचा, वीसेक वर्षांपूर्वीचा. निखाडे त्याच्यासमोर बसत आणि दर तासाला पडद्यावरचे सात आकडे रजिस्टरात उतरवून घेत. स्फोटाच्या आठवड्यात तो पडदा काळा पडला. सोमवारी चौकशी अधिकारी येणार होते. असली यंत्रं दुरुस्त करणारं नागपुरात एकच दुकान उरलं होतं, आमच्या बारसागडेकाकांचं. काकांचा दंडक असा की पडद्याचं यंत्र एकट्यानं उघडायचं नाही. पण त्याच आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून मी एकटा आलो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. माणसांशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटे. यंत्रांशी बोलावं लागत नाही, हे मला त्या धंद्यात फार आवडलं होतं.

सकाळी खाणीच्या फाटकाशी एक बाई उभी होती. माझ्या हातातली हत्यारांची पेटी पाहून ती पुढे आली.

“गॅसची मशीन पाहाले आले का, भाऊ?”

मी मान हलवली.

“मी सुगंधा आत्राम. लटारी सरदाराची बायको.”

सरदार म्हणजे पाळी सुरू होण्यापूर्वी दिवा घेऊन आत जाणारा आणि त्याची ज्योत निळी पडत नाही, म्हणजे गॅस नाही, याची खात्री करणारा माणूस, हे मला वाटेत जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. त्या नऊ जणांत गेलेल्या सरदारानं तपासणी केलीच नाही आणि शिवाय आत बिडी पेटवली, असं साहेब लोक म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं होतं.

“ते बिडी ओढत नव्हते,” ती म्हणाली. रडली नाही. कुणाला तरी पत्ता सांगावा तसं सांगत होती. “सत्तावीस वर्सं झाली लग्नाले. मले ठाऊक नसेल का? त्या मशीनमधी गॅस किती होता ते दिसत असेल ना? माणूस खोटं बोलंल, मशीन कशाले बोलंल? तुमी फक्त पाहून सांगा. बाकी आठ जणांची घरं मायाकडे पाहाले तयार नाईत. माया पोराले शाळेत म्हणतात, तुया बापानं मारले.”

मला बोलायचं होतं. “पाहतो,” एवढंच तोंडातून आलं आणि मी घाईनं आत शिरलो.

दोष सापडायला वेळ लागला नाही. पडद्याला हजारो व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी डाख तडकला होता. केसाएवढी गोल भेग. मी स्विच पाडला, प्लग उपसून टेबलावर निखाड्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला.

“आता ठेवू काठी?” त्यांनी विचारलं.

“अजून नको. प्लग काढला तरी काचेच्या पोटात वीज साठून राहते.”

तारेचं एक टोक पडद्याभोवतीच्या उघड्या जाळीदार पट्टीला चिमट्यानं जोडलं, दुसरं लांब पेचकसाला. पेचकस रबरी टोपीखाली हळूच सरकवला. फटाक्याच्या टिकलीसारखा आवाज झाला. निखाडे दचकले.

“झालं?”

“थांबा. पाच मिनिटांनी पुन्हा.”

“एकदा निघाली ना?”

“निघते, पण काचेत मुरलेली पुन्हा वर येते. पहिल्या खेपेवर विसंबून हात घातला की माणूस फसतो.”

आम्ही पाच मिनिटं बसलो. त्यांनी डबा उघडला, ज्वारीची अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. “घ्या जी. सकाळपासून तुमच्या पोटात काई नाई, चेहऱ्यावरून दिसते.” मी घेतली. दुसऱ्या खेपेला ठिणगी बारीक होती, पण होती. ती पाहून ते बराच वेळ त्या रबरी टोपीकडे बघत राहिले.

डाख दिला, झाकण न लावताच यंत्र सुरू केलं. काच उबदार झाली आणि पिवळ्या ओळी हलकेच वर आल्या. सहा सेक्शनांचे सहा आकडे. सातव्या ओळीत नुसत्या रेघा. स्फोटानंतर मुख्य यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं होतं, आणि सातव्या सेक्शनमध्ये आता मोजायला काही उरलं नव्हतं.

“झालं,” मी म्हणालो. “ट्यूब चांगली आहे. बदलायची गरज नाही.”

निखाड्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “इथं लिहून दिलं आहे. ‘पिक्चर ट्यूब बदलणे, जुनी स्टोअरला जमा करणे.’ स्टोअरमधी नवी ठेवलेली आहे एक. पहिल्यापासून पडून आहे.”

“पण चांगली ट्यूब कशाला...”

“साहेबानं सही केली आहे जी.”

मी यंत्र बंद केलं. उजेड विझला आणि खिडकीतून येणारं दुपारचं तिरपं ऊन काळ्या काचेवर पडलं. तेव्हा मला ते दिसलं.

तीच ती पाटी महिनोन्महिने पडद्यावर राहिली की तिच्या अक्षरांच्या जागी काचेमागचा चमकता थर जळतो. यंत्र बंद असतानाही तिथं तपकिरी अक्षरं दिसतात. ‘सेक्शन १’, ‘सेक्शन २’ हे शब्द कोरल्यासारखे स्वच्छ होते, कारण ते कधी बदलत नव्हते. त्यांच्यापुढचे आकडे बदलत राहिले, म्हणून तिथं एकावर एक छापल्यासारखे, आठच्या आकड्यासारखे दिसणारे धूसर डाग उमटले होते. सहा ओळींत तसे सहा डाग. सातव्या ओळीत डागही होता, पण त्याच्यावर, धारदार, कुणीही वाचावा असा एकच आकडा बसला होता. शून्य पॉइंट तीन.

मी रजिस्टर उघडलं. का उघडलं ते सांगता येणार नाही. कदाचित मला चूक ठरायचं होतं. सातव्या सेक्शनच्या रकान्यात गेल्या तीन महिन्यांचे आकडे सुवाच्य अक्षरांत होते. पॉइंट दोन, पॉइंट चार, पॉइंट तीन, पॉइंट पाच, पुन्हा पॉइंट दोन.

निखाडे माझ्या मागे उभे होते. काठी अजून त्यांच्या हातात होती.

“किती दिवसांपासून?” मी विचारलं.

“संक्रांतीच्या आधीपासून.” ते खाली बसले. “आतलं यंत्र मेलं होतं. आकडा जागचा हलेच ना. मी साहेबाले सांगाले गेलो. ते म्हणाले, बघू. पुन्हा गेलो तर म्हणाले, निखाडे, तुमी रजिस्टरात जरा वरखाली लिहीत जा, एकच आकडा बरा दिसत नाई. बस, एवढंच म्हणाले. अन् मी लिहीत गेलो.”

“लेखी का नाही दिलंत?”

“लेखी!” ते हसल्यासारखे झाले. “मले त्यांच्या दारात उभं राहिलं की आवाजच निघत नाई जी. लहानपणापासून असंच. वर्गात उत्तर येत असे, तरी हात वर होत नसे. मास्तर मारत. तुमाले नाई समजणार.”

मला समजत होतं. ते जे सांगत होते त्यातलं दुसरं काही समजलं नसतं तरी हे समजत होतं, इतकं की मला त्यांच्याकडे बघवेना. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईला मी एका शब्दाचं उत्तर देऊन पळालो होतो. साहेबाच्या दारात मीही तसाच उभा राहिलो असतो, आणि खोलीत परत येऊन सुवाच्य अक्षरात खोटं लिहिलं असतं.

“लटारी माया गाववाला,” ते हळूच म्हणाले. “त्या दिवशी सकाळी इथं आला होता. म्हणे, देविदास, सातव्यात दिवा जरा निळा दिसून राहिला, तुयं मशीन काय म्हणते? मी म्हटलं, पॉइंट तीन, काई धोका नाई.”

बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा वाजला.

“हे पुसता येते का?” त्यांनी काचेकडे बोट केलं.

“नाही. आतल्या बाजूला आहे.”

“बरं,” ते म्हणाले, आणि भाकरीचा डबा बंद करू लागले. त्यांनी विनवणी केली नाही. केली असती तर कदाचित मी नाही म्हणालो असतो.

मी ट्यूब बाहेर काढली. जाड हातमोजे घातले, चष्मा लावला. ट्यूबच्या निमुळत्या मानेमागची पट्टी सैल केली, काचेच्या तोंडाकडून धरून घोंगडीच्या घडीवर पालथी ठेवली. मानेला धरून उचलायची नाही, हे काकांनी पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. मग मी म्हणालो, “हिच्यात पोकळी आहे. अशीच स्टोअरला दिली आणि कुणाकडून पडली, तर काच फुटून आत ओढली जाते आणि लगेच तोंडावर उडते. म्हणून जुनी ट्यूब हवा भरल्याशिवाय जागची हलवायची नाही. आमचा नियम आहे.”

“तुमचा नियम असेल तर करा जी.”

“मागे सरा. डोळे झाका.”

वर गोणपाट टाकलं आणि पक्कड चालवली. एकच आवाज झाला, कुणीतरी दीर्घ श्वास एकदम आत घ्यावा तसा. गोणपाट उचललं, ट्यूब उलटी केली. काचेच्या मध्यभागी तळहाताएवढा भाग धुतल्यासारखा कोरा होता. आत पिठाएवढी बारीक पूड पडली होती. वरच्या दोन ओळी शिल्लक होत्या. सातवी नव्हती.

निखाड्यांनी काठी भिंतीला टेकवली. नवी ट्यूब बसवून मी निघालो तेव्हा फाटकाशी ती बाई नव्हती, याचं मला बरं वाटलं.

चौकशी जूनमध्ये तालुक्याच्या गावी एका सभागृहात झाली. पंखे, निळ्या चादरी घातलेली टेबलं, मागे बाकांवर नऊ घरांची माणसं. एका बाकावर सुगंधाबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. टेबलावर मी काढलेली ट्यूब, दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली.

चौकशी अधिकारी सावकाश बोलणारे, दमलेले गृहस्थ होते. “यंत्र तुम्ही दुरुस्त केलंत?”

“हो.”

“ट्यूब का बदलली?”

“तसा लेखी आदेश होता.”

“जुन्या पडद्यावर काही आकडे, खुणा?”

“मधला थर निघालेला आहे, साहेब. वाचण्यासारखं काही नाही.”

“आता नाही. काढण्यापूर्वी?”

“लक्ष दिलं नाही,” मी म्हणालो. कारकुनानं ते लिहून घेतलं. मी सही केली.

मग जाणकार म्हणून बारसागडेकाकांना बोलावलं. ऑपरेशननंतरचा जाड चष्मा लावून त्यांनी ट्यूब उचलली आणि तिच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. मोडलेल्या मानेशी बोट थांबलं. तुटलेला तुकडाही चिठ्ठीसह पिशवीत होता. तो त्यांनी उजेडात धरला, फार वेळ.

खाणीच्या वकिलांनी विचारलं, “अशी आत हवा सोडणं ही तुमच्या कामातली नेहमीची, सुरक्षिततेची पद्धत आहे ना?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मूल नव्हतं. दुकान माझ्या नावावर करायचं, असं ते शेजारच्या घड्याळवाल्याला सांगत असत.

“हो,” ते म्हणाले. “हवा सोडावीच लागते.”

माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांच्या श्वासाला घरघर होती. ओठ न हलवता ते पुटपुटले, “मागचं टोक शाबूत आहे, प्रफुल्ल.”

मी मान खाली घातली. मानेच्या अगदी शेवटी, पिनांच्या मधोमध, काचेचं एक लहानसं टोक असतं. ते मोडलं की हवा बारीक सुरात मिनिटभर आत जात राहते आणि पडद्याचा थर जसाच्या तसा राहतो. काकांनी मला तीच पद्धत शिकवली होती. चार वर्षांत मी तीसेक ट्यूब तशा मोकळ्या केल्या होत्या. मान मधेच मोडली तर हवेचा झोत सरळ पडद्यावर आदळतो आणि समोर येईल ते खरवडून काढतो. हेही त्यांनीच सांगितलं होतं, असं कधी करू नये म्हणून. त्या दिवशी पक्कड आधी माझ्या हातात टोकावरच होती. मी ती खाली, मानेच्या मध्यावर सरकवली.

“देविदास निखाडे,” पुकारा झाला.

ते उठले. सदरा वरच्या गुंडीपर्यंत बंद. शपथ घेतली, आणि अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारण्यापूर्वीच बोलू लागले. आवाज कापत होता, पण मागच्या बाकांपर्यंत पोचत होता.

“साहेब, सातव्या सेक्शनचा आकडा तीन महिने हलला नव्हता. यंत्र मेलं होतं. मी दोनदा सांगितलं, मग मी रजिस्टरात मनचे आकडे लिहिले. लटारीनं त्या दिवशी मले विचारलं होतं. त्याले मी खोटं सांगितलं. तो बिडी ओढत नव्हता. त्याची चूक नाई.”

सभागृहात गलका झाला. वकील उभे राहिले. “हे गृहस्थ स्फोटानंतर थोड्याच दिवसांनी आजारी रजेवर गेले आहेत. यांच्याकडे पुरावा काय?”

“होता,” निखाडे म्हणाले. “काचेवर जळून बसला होता आकडा. त्या पोरानं पाहिला. मी पुसता येते का म्हणून विचारलं त्याले, तो गुन्हाही मायाच. पण त्यानं पाहिला आहे. विचारा त्याले. तो भला माणूस आहे, खोटं नाई बोलणार.”

मला पुन्हा उभं केलं. टेबलापर्यंतची सात-आठ पावलं मला अजून पायांत जाणवतात. अधिकारी या खेपेला पुढे झुकले होते. त्यांना ऐकायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“निखाडे सांगतात ते खरं आहे का?”

दहा मिनिटांपूर्वी मी शपथेवर सही केली होती. माझ्यापाठोपाठ काकांनी केली होती. समोर निखाडे उभे होते, हात बांधून, वर्गात प्रथमच उत्तर दिलेल्या मुलासारखा चेहरा करून माझ्याकडे पाहत. त्यांच्या नजरेत आर्जव नव्हतं. त्यांची खात्री होती.

“वेळ घ्या,” अधिकारी म्हणाले.

मी वेळ घेतला. माझ्या तोंडात शब्द तयार होते. सातवी ओळ, शून्य पॉइंट तीन. जीभ टाळूला चिकटली होती.

“मला असं काही दिसलं नाही,” मी म्हणालो.

त्यासाठी मात्र आवाज निघाला.

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. वकिलांनी “बस, एवढंच” म्हटलं. पुढे पावसाळ्यानंतर अहवाल आला, त्यात लटारी आत्राम याचं नाव होतं आणि निखाड्यांचं निवेदन मानसिक धक्क्यामुळे ग्राह्य नाही, असं एक वाक्य. काकांनी मला दुकानातून काढलं नाही; त्या दिवसानंतर माझ्यासमोर एकही ट्यूब उघडली नाही, आणि वर्षाच्या आत मीच निघालो. यातलं काहीच मला त्या दुपारी माहीत नव्हतं. मी फक्त परत जाऊन माझ्या बाकावर बसलो. काका उठून बाहेर गेले होते.

जेवणाची सुट्टी झाली. लोक निखाड्यांना टाळून दोन्ही बाजूंनी बाहेर पडले. कुणी थुंकलं, कुणी शिवी दिली. ते भिंतीकडेच्या रिकाम्या बाकावर टेकले. सुगंधाबाई आपल्या जागेवरून उठल्या. मला वाटलं, त्या आता त्यांच्या अंगावर जातील. त्यांचा तो हक्क होता. त्या माझ्यासमोरून गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, टाळलंही नाही, जशी रिकाम्या खुर्चीवरून नजर जाते तशी गेली. त्या निखाड्यांच्या शेजारी, त्याच बाकावर, पदर सावरून बसल्या. मग दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत सुट्टी संपेपर्यंत तशीच बसून राहिली.